स्नॅप अप

'स्नॅप अप' हे इंग्रजी भाषेतील 'फ्रेझल व्हर्ब' या वर्गात मोडणारे क्रियापद आहे. एखादी दुर्मीळ, स्वस्त किंवा मोठी मागणी असलेली वस्तू दुसऱ्या कोणी घेण्याआधी तत्परतेने हस्तगत करणे, असा त्याचा अर्थ होतो. घर, नाटकाची तिकिटे, समभाग, खेळाडू, इतकेच नव्हे तर नुकताच पदवीधर झालेला होतकरू उमेदवारही त्याचे कर्म होऊ शकतो. जी वस्तू केव्हाही, कोठेही मिळते तिच्याबाबत ते सहसा योजले जात नाही.

'स्नॅप'चे मूळ डच किंवा लो जर्मन भाषेतील 'स्नाप्पन' या क्रियापदात असून, इंग्रजीत ते १५ व्या शतकाच्या अखेरीस आढळू लागते. जबडा मिटून चटकन चावा घेणे हा त्याचा जुना अर्थ. येथील 'अप'चा 'वर' या दिशेशी संबंध नाही. 'ईट अप', 'यूज अप' यांतल्याप्रमाणे ते क्रियेची पूर्तता दाखवते. 'कुत्रा स्नॅप ॲट करतो' म्हटले तर तो चावायला झेपावला एवढेच कळते, दात लागले की नाही हे कळत नाही. 'स्नॅप अप'मध्ये मात्र घास तोंडात गेलेला असतो.

कर्म नाम असल्यास ते 'अप'च्या आधी किंवा नंतर येते; सर्वनाम मात्र मध्येच यावे लागते ('स्नॅप इट अप').

मराठी पर्याय

मराठीत याला सर्वत्र चालेल असा एकच प्रतिशब्द नाही. 'झडप घालणे' यात त्वरा आहे, प्राप्तीची खात्री नाही. 'पटकावणे' बरेच जवळचे. तथापि त्याला स्पर्धेत जिंकल्याची छटा आहे. 'घेऊन टाकणे' यातील 'टाकणे' हे सहायक क्रियापद 'अप'चेच काम करते. कर्मणी प्रयोगासाठी 'हातोहात खपणे' उत्तम. 'बळकावणे', 'लाटणे', 'हडपणे' हे शब्द मात्र टाळावेत, कारण त्यांत अन्याय गृहीत धरलेला असतो. लिलावात रीतसर बोली लावून घेतलेली जमीन भाषांतरित बातमीत 'हडपली' गेली, तर साध्या व्यवहाराचा आरोप होऊन बसतो. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' या नाटकातील ऑटोलिकस स्वतःला याच क्रियापदावरून साधलेले 'स्नॅपर-अप' हे नाव लावतो. तो भुरटा चोर असल्याने तेथे 'लाटणे' शोभून दिसेल.