घर, वैभव आणि हिशेब : ब्रिटिश पिरियड ड्रामाचे घरगुती प्रेक्षण (महाबळेश्वर परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
अभिजात इंग्रजी कादंबऱ्यांवर आधारित ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका आणि चित्रपट आज घरबसल्या सहज पाहता येतात. इंग्रजी आणि मराठी साहित्याच्या अध्यापनातही त्यांचा वापर होतो. या कलाकृतींचे प्रमुख आकर्षण म्हणजे त्यांतील वास्तू, वेशभूषा आणि निसर्ग. मात्र मूळ साहित्यकृती त्या वैभवामागील पैसा, वारसाहक्क आणि श्रम यांचाही हिशेब मांडत असते. रूपांतरात हा हिशेब कितपत टिकतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी निवडक ब्रिटिश कलाकृतींसोबत महाबळेश्वरचा इतिहास आणि सातारा-सांगली परिसराशी नाते असलेल्या मराठी साहित्यकृती विचारात घेतल्या आहेत.

बीजसंज्ञा : पिरियड ड्रामा, माध्यमांतर, घरगुती प्रेक्षण, वासाहतिक वास्तू, साहित्य अध्यापन.

१. प्रस्तावना

महाबळेश्वरला येणारा पर्यटक बाजारपेठेतून बाहेर पडला की त्याला झाडीत दडलेले जुने बंगले दिसू लागतात. उतरती छपरे, रुंद व्हरांडे, दिवाणखान्यातील शेकोटीची जागा आणि दगडी फाटकावर कोरलेले नाव पाहून इंग्रजी चित्रपटात शिरल्याचा भास होतो. विल्सन, एल्फिन्स्टन, लॉडविक, केट ही पॉइंटांची नावे त्या भासात भर घालतात. याच घाटाने खाली वाईकडे उतरले की मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा लागतो. एकाच तालुक्याच्या अंतरात दोन निरनिराळे गतकाळ वास्तुरूपाने उभे आहेत. या भागातील महाविद्यालयीन विद्यार्थी जेव्हा जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरील मालिका घरच्या पडद्यावर पाहतो, तेव्हा पडद्यावरील भव्य घर त्याला पूर्णतः अपरिचित नसते. हा परिचय अध्यापनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मात्र त्यात एक धोकाही आहे. सुंदर घर पाहण्याच्या आनंदात ते कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या कष्टावर उभे राहिले, हा प्रश्न मागे पडतो.

२. पिरियड ड्रामा : संकल्पना आणि वाटचाल

विशिष्ट गतकाळातील जीवन त्या काळच्या वास्तू, वेश, भाषा आणि शिष्टाचारांसह उभे करणारी नाट्यकृती म्हणजे पिरियड ड्रामा होय. मराठी रंगभूमीची रूपांतराची परंपरा याहून वेगळी होती. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' हे नाटक रचले. त्यात मूळ कथेचे मर्म कायम राहिले. नावे, वेश आणि वातावरण मात्र एतद्देशीय झाले. ब्रिटिश पिरियड ड्रामाची दिशा याच्या नेमकी उलट आहे. तेथे वेश आणि वातावरण यांचे जतन हाच निर्मितीचा मोठा भाग असतो.

या प्रकाराला दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठा मिळवून देणारी कृती म्हणून जॉन गॅल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवरील 'द फोर्साइट सागा' (१९६७) या बीबीसीच्या २६ भागांच्या कृष्णधवल मालिकेचा उल्लेख करावा लागतो. पुढे एव्हलिन वॉ यांच्या कादंबरीवरील 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' (१९८१), पॉल स्कॉट यांच्या कादंबरी-चतुष्ट्यावरील 'द ज्वेल इन द क्राउन' (१९८४) आणि जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१९९५) या मालिकांनी ही परंपरा दृढ केली. साहित्यकृतीवर आधारित नसलेल्या 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' (१९७१-७५) आणि 'डाउनटन ॲबी' (२०१०-१५) या मालिकांनी धन्याचा मजला आणि नोकरांचा मजला एकाच कथेत आणला, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे.

३. घरगुती प्रेक्षणाची वैशिष्ट्ये

चित्रपटगृहातील प्रेक्षण सामुदायिक, सलग आणि वेळेने बांधलेले असते. घरगुती प्रेक्षण खंडित, पुनरावर्ती आणि कौटुंबिक असते. मालिका भागांत विभागलेली असल्याने तिचे नाते एकोणिसाव्या शतकात मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीशी जुळते. दोन भागांमधील आठवडा हा चर्चेचा आणि तर्काचा काळ असे. व्हिडिओ कॅसेट, पुढे डीव्हीडी आणि आता इंटरनेटवरील प्रसारण यांमुळे हे स्वरूप पालटले. प्रेक्षकाला दृश्य थांबवता येते, मागे नेता येते, उपशीर्षकांसह ऐकता येते. म्हणजेच पुस्तकाचे पान उलटून पुन्हा वाचण्याची जी सोय वाचकाला होती, ती प्रेक्षकाला प्राप्त झाली.

कालावधीचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे १९४० आणि २००५ मधील चित्रपट प्रत्येकी सुमारे दोन तासांचे आहेत. १९९५ च्या मालिकेचे सहा भाग मिळून सुमारे साडेपाच तास होतात. गौण पात्रे, पत्रे, भेटीगाठी आणि संभाषणातील सूक्ष्म उपरोध यांना मालिकेत जागा मिळते. अभिजात कादंबरीला मालिकेचा आकार मानवतो, त्याचे एक कारण हे आहे.

४. घर हेच पात्र

ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) ही कादंबरी बेनेट दांपत्याच्या संवादातून वाचकाला कथेत आणते. नेदरफील्डचे घर एका धनाढ्य तरुणाने भाड्याने घेतले, ही त्या संवादातील बातमी आहे. अँड्र्यू डेव्हिस यांनी पटकथा लिहिलेली १९९५ ची मालिका मात्र घोड्यावरून दौडत येणाऱ्या दोन तरुणांपासून सुरू होते. ते दुरून नेदरफील्डची वास्तू न्याहाळतात. कादंबरीत घर आधी ऐकू येते, मालिकेत ते आधी दिसते. माध्यमांतराचे स्वरूप या एका बदलातून स्पष्ट होते.

डार्सीच्या पेम्बर्ली या निवासस्थानाचे बाह्यचित्रण चेशायर परगण्यातील लाइम पार्क येथे झाले. मालिकेनंतर त्या वास्तूकडे पर्यटकांचा ओघ वाढला. पाण्यातून बाहेर आलेल्या डार्सीची एलिझाबेथशी अवचित गाठ पडते, हा लोकप्रिय प्रसंग मूळ कादंबरीत नाही, तरीही अनेकांच्या स्मरणात तो कादंबरीचाच भाग होऊन बसला आहे. घरी पाहिलेले दृश्य वाचलेल्या मजकुरावर कसे आरूढ होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

याचा अर्थ मालिका केवळ दिखाऊ आहे असा नाही. डार्सीचे वार्षिक दहा हजार पौंडांचे उत्पन्न आणि बेनेट यांचे दोन हजार पौंडांचे उत्पन्न हे ऑस्टिनने आकड्यांतच सांगितले आहे. बेनेट यांची जमीन कन्यांना न मिळता दूरच्या पुरुष वारसाकडे जाणार, हे त्या हास्यविनोदामागील भय आहे. शार्लट लुकस कॉलिन्ससारख्या पुरुषाशी विवाह का करते, याचे उत्तर प्रेमात शोधून मिळत नाही; ते या हिशेबात आहे. मालिकेने हा धागा राखला आहे. परंतु सलग पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनावर उद्यान, नृत्य आणि वस्त्रे अधिक ठसतात.

एमा थॉम्पसन यांची पटकथा असलेला 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१९९५) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पित्याच्या मृत्युशय्येवरून त्याची सुरुवात होते. सावत्र बहिणींना मदत करण्याचे वचन दिलेला जॉन डॅशवुड पत्नीच्या युक्तिवादापुढे ती रक्कम पायरीपायरीने कमी करत जातो आणि अखेर काहीच द्यायचे नाही असे ठरते. कादंबरीतील हे प्रकरण चित्रपटाने चुरचुरीत संवादांतून मांडले आहे. हिशेबही दृश्य आणि रंजक होऊ शकतो, हे येथे सिद्ध होते.

५. वैभवामागील श्रम : मॅन्सफिल्ड आणि माल्कमपेठ

'मॅन्सफिल्ड पार्क' (१८१४) या कादंबरीतील सर टॉमस बर्ट्रम यांची वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावर मालमत्ता आहे. फॅनी गुलामांच्या व्यापाराविषयी प्रश्न विचारते, तेव्हा कोणीच काही बोलत नाही, एवढाच ओझरता उल्लेख कादंबरीत येतो. एडवर्ड सैद यांनी 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम' (१९९३) या ग्रंथात या कादंबरीतील शांत इंग्रजी घराचा वसाहतीशी असलेला संबंध उलगडून दाखवला. त्यानंतर आलेल्या पॅट्रिशिया रोझेमा दिग्दर्शित चित्रपटात (१९९९) गुलामांच्या छळाची रेखाटने फॅनीच्या हाती पडतात. कादंबरी जेथे मौन बाळगते तेथे चित्रपट बोलतो. हा मूळ कृतीशी द्रोह की तिचे सखोल वाचन, यावर मतभेद संभवतात. परंतु घराचा हिशेब मागण्याचे धैर्य त्यात निश्चितच आहे.

महाबळेश्वरच्या बंगल्यांनाही असाच एक अदृश्य भाग आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८ च्या सुमारास, येथे आरोग्यधाम वसवण्यास चालना मिळाली. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात ही भूमी दिली आणि वसाहतीला माल्कमपेठ हे नाव मिळाले. त्याच प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करण्यात आले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. १८३४ ते १८६४ या काळात येथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. डोंगरावरील रस्त्यांची कामे त्यांच्याकडून करून घेतली गेली. बटाटे आणि भाजीपाल्याच्या लागवडीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. पॉइंटांना गव्हर्नर, सेनाधिकारी आणि त्यांच्या कन्यांची नावे मिळाली. रस्ता तयार करणाऱ्याचे नाव कोठेही लागले नाही. मॅन्सफिल्डच्या दिवाणखान्यातील मौन आणि महाबळेश्वरच्या रस्त्यांवरील हे मौन एकाच जातीचे आहे. विद्यार्थ्याला अँटिग्वा दूरचे वाटेल, माल्कमपेठ वाटणार नाही.

६. एकच काळ, दोन कथने

'द ज्वेल इन द क्राउन' ही १४ भागांची मालिका १९४२ ते १९४७ या काळातील भारताचे चित्रण करते. हरी कुमार आणि डॅफ्नी मॅनर्स यांची शोकांतिका तसेच पोलीस अधिकारी मेरिक याचे क्रौर्य यांतून साम्राज्याच्या ऱ्हासाची कथा उभी राहते. पॉल स्कॉट यांची दृष्टी साम्राज्याविषयी भाबडी नाही. तरीही कथेचे केंद्र इंग्रज कुटुंबांच्या मनःस्थितीत राहते. भारतीयांना त्यांच्याच इतिहासात दुय्यम भूमिका मिळतात, असा आक्षेप सलमान रश्दी यांनी १९८४ मध्येच घेतला होता.

सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाला हा आक्षेप समजण्यास फारसे सायास पडू नयेत. याच काळात, १९४३ ते १९४६ या वर्षांत, तत्कालीन सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार कार्यरत होते. गावोगावी न्यायनिवाडे होत होते आणि तुफान सेना उभी राहिली होती. मालिकेतील क्लब, व्हरांडे आणि रेल्वेचे डबे पाहताना त्या चौकटीबाहेर काय घडत होते, हे प्रेक्षकाने स्वतः जोडून घ्यावे लागते.

७. मराठी उदाहरणे

ब्रिटिश पिरियड ड्रामाला जवळचा मराठी नमुना म्हणून रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीवरील दूरदर्शन मालिकेकडे पाहता येते. १९८० च्या दशकातील या मालिकेचे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांनी केले. रवींद्र मंकणी यांनी माधवराव पेशवे आणि मृणाल देव यांनी रमाबाई साकारल्या. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुणे यांच्यावरील 'रामशास्त्री' (१९४४) या प्रभातच्या चित्रपटात जागीरदारांनीच प्रमुख भूमिका केली होती. पेशवाईचा तो काळ त्यांच्या परिचयाचा होता. मराठी घराघरांत 'स्वामी'ची आठवण प्रामुख्याने माधव-रमा यांच्या कोमल नात्यामुळे टिकून आहे. तथापि राज्यावरील कर्ज, चुलत्याशी संघर्ष आणि ढासळती प्रकृती हे माधवरावांच्या आयुष्याचे कठोर वास्तव होते. अखेरच्या दिवसांतही कर्जफेडीची चिंता त्यांना सोडत नव्हती. पेम्बर्लीच्या प्रेक्षकाला विचारायचा प्रश्न शनिवारवाड्याच्या प्रेक्षकालाही विचारला पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीवर अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये, म्हणजे बीबीसीच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्याच वर्षी, चित्रपट दिग्दर्शित केला. संस्थानी काळातील माणदेशाचे हे चित्रण आहे. येथे राजवाडे नाहीत. धनगरांची घरे, मेंढवाडे आणि माळ आहे. तरुण मास्तराच्या पुढाकाराने गावकरी स्वतःच्या कष्टाने तालीम बांधतात. पुढे दुष्काळ पडतो आणि मेंढरांसह माणसे गाव सोडतात. येथे वास्तू आणि श्रम एकाच चौकटीत दिसतात, म्हणून हिशेब वेगळा मागावा लागत नाही. वैभव नसतानाही पिरियड ड्रामा समर्थपणे उभा राहू शकतो, हे या कृतीने दाखवून दिले आहे.

८. अध्यापनातील उपयोजन

विद्यार्थी मालिका पाहतात आणि पुस्तक वाचत नाहीत, ही प्राध्यापकवर्गाची सार्वत्रिक तक्रार आहे. केवळ मनाईने ती दूर होणार नाही. घरगुती प्रेक्षणातील थांबवण्याची आणि पुन्हा पाहण्याची सोयच अध्यापनासाठी वापरता येईल. एक प्रकरण आधी वाचावे, त्यानंतर त्यावरील दहा-बारा मिनिटांचे दृश्य पाहावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत : मजकुरातील कोणती गोष्ट दृश्यात आली नाही? दृश्यात कोणती गोष्ट नव्याने आली? या घराचा खर्च कोठून चालतो आणि ते या दृश्यात कोठे दिसते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर सापडले नाही, तर विद्यार्थ्याला पुस्तकाकडे वळावेच लागते.

असाच अभ्यास स्थानिक वास्तूंबाबतही करता येईल. महाबळेश्वरचा एखादा जुना बंगला आणि मेणवलीचा वाडा पाहून विद्यार्थ्यांनी हेच प्रश्न विचारावेत. पाचगणीजवळील भिलार येथे मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'पुस्तकांचे गाव' या उपक्रमात घरांच्या खोल्यांतून मराठी पुस्तके वाचकांसाठी ठेवली आहेत. घर, पुस्तक आणि वाचक यांचे हे सान्निध्य अशा क्षेत्रभेटीला पूरक ठरेल.

९. निष्कर्ष

१) मालिकेचा दीर्घ कालावधी आणि घरगुती प्रेक्षणाची पुनरावृत्तीची सोय यांमुळे पिरियड ड्रामा अभिजात कादंबरीच्या वाचनाला सहायक ठरू शकतो.
२) दृश्यमाध्यम स्वभावतः घराचे सौंदर्य पुढे आणते, कादंबरीतील उत्पन्न, वारसाहक्क आणि श्रम यांचे तपशील त्यामुळे झाकले जाण्याची शक्यता असते.
३) रूपांतराचे मूल्यमापन वेशभूषेच्या अचूकतेवर न थांबता हा हिशेब त्याने किती राखला, या निकषावरही व्हावे.
४) महाबळेश्वर, सातारा आणि सांगली येथील इतिहास तसेच मराठी साहित्यकृती या निकषासाठी हाताशी असलेली साधने आहेत.

पडद्यावरील सुंदर घर पाहून मन प्रसन्न व्हावे, यात गैर काहीच नाही. तथापि त्या घराची चूल कोण पेटवत होते आणि लाकूड कोठून येत होते, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर साहित्याच्या वर्गाचे काम बऱ्याच अंशी साधले असे म्हणता येईल.