पाऊल जपून टाका!
(सेंट जॉन बेटावर तंबू, पायवाट आणि प्रवाळ)

पुस्तकाला चुकून पाय लागला, तर घरी आजी काय म्हणते? "नमस्कार कर!" आज आपण अशा एका बेटाची माहिती घेणार आहोत, जिथे पाय कुठे ठेवायचा याला फार महत्त्व आहे. आणि तिथे पाय चुकीच्या जागी पडला, तर नुसत्या नमस्काराने भागत नाही.

समजा, न्यू जर्सीत राहणारे तुमचे काका आणि काकू फेब्रुवारीत आठ दिवसांच्या सुट्टीवर निघाले आहेत. घरी बर्फ पडतोय आणि हे दोघं सामानात तंबू आणि पोहण्याचे कपडे भरतायत! चला, आपणही त्यांच्याबरोबर जाऊ.

बेट कुठे आहे?

सेंट जॉन हे कॅरिबियन समुद्रातलं छोटंसं बेट आहे. तिथे विमानतळ नाही. आधी शेजारच्या सेंट थॉमस बेटावर विमानाने उतरायचं आणि मग फेरीबोटीने पलीकडे जायचं. पूर्वी ही बेटं डेन्मार्कच्या ताब्यात होती. १९१७ मध्ये अमेरिकेने ती अडीच कोटी डॉलरना विकत घेतली. इथे देश अमेरिका, पण गाड्या चालतात रस्त्याच्या डाव्या बाजूने, अगदी भारतासारख्या! १९५६ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. आज बेटाचा निम्म्याहून जास्त भाग या उद्यानात आहे.

जून ते नोव्हेंबर हा इथे चक्रीवादळांचा काळ असतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये इर्मा आणि मारिया ही दोन मोठी वादळं दोन आठवड्यांच्या आत या भागावर येऊन आदळली. घरं पडली, झाडांची पानं झडून डोंगर तपकिरी दिसू लागले. म्हणून काका-काकूंनी फेब्रुवारी महिना निवडला आहे. या दिवसांत वादळाची भीती नसते आणि पाऊसही कमी असतो.

तंबू कुठे लावायचा?

सिनॅमन बे नावाच्या किनाऱ्याजवळ तंबूत राहण्याची सोय आहे. दुपारचं ऊन कडक असतं, त्यामुळे सावली दिसली की तिथेच पथारी पसरावीशी वाटते. पण थांबा! आधी वर बघा.

कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड आढळतं. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात आणि ती विषारी असतात. झाडाचा पांढरा चीकही अंगाला लागला तर फोड येतात. पावसात या झाडाखाली उभं राहिलं, तर पानांवरून ओघळणाऱ्या पाण्यानेसुद्धा कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून नियम सोपा आहे : अनोळखी झाडाखाली बसायचं नाही आणि अनोळखी फळ तोंडात घालायचं नाही.

तंबूजवळ एक ओळखीचा प्राणीही भेटतो : मुंगूस! आपल्याकडे मुंगूस दिसणं शुभ मानतात. पण मुंगूस या बेटावर आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात उसाच्या शेतांत उंदीर फार झाले, म्हणून मळेवाल्यांनी भारतातली मुंगसं कॅरिबियन बेटांवर आणून सोडली. मात्र उंदीर रात्री बाहेर पडतात आणि मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर राहिलेच, आणि मुंगसं पक्ष्यांची व कासवांची अंडी खाऊ लागली. ती तंबूतलं खाणंही पळवतात. काकूने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे, ती यासाठीच.

डोंगरातली पायवाट

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रीफ बे नावाच्या पायवाटेने निघतात. ही वाट डोंगरावरच्या रस्त्यापासून समुद्रापर्यंत खाली उतरते. लांबी दोन मैलांहून थोडी जास्त, आणि उतार सुमारे ९०० फुटांचा. जाताना मजा वाटते. पण जितकं उतरलो तितकंच परत चढायचं आहे, तेही उन्हात! म्हणून सकाळी लवकर निघायचं. माणशी निदान दोन लिटर पाणी बरोबर घ्यायचं. आणि अर्धं पाणी परतीसाठी राखून ठेवायचं.

वाटेत एक फाटा लागतो. तिथे गोड्या पाण्याचा एक छोटा डोह आहे. डोहाकाठच्या खडकांवर टाइनो लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी चेहरे आणि आकृत्या कोरल्या आहेत. टाइनो म्हणजे युरोपियन लोक येण्याआधी इथे राहणारे लोक. त्या खडकांवर चढायचं नाही, कोरीवकामावर हातही फिरवायचा नाही.

वाट संपते तिथे साखर कारखान्याचे पडके अवशेष दिसतात. "किती सुंदर भिंती आहेत ना!" काका म्हणतात. काकू हळूच म्हणते, "अरे, पण त्या बांधल्या कोणी?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना या बेटावर गुलाम करून उसाच्या मळ्यांत राबवलं जात होतं. १७३३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी बंड केलं आणि बेटाचा बराचसा भाग कित्येक महिने आपल्या हातात ठेवला. बाहेरून सैन्य आणून ते बंड मोडलं गेलं. गुलामगिरी संपायला १८४८ साल उजाडावं लागलं. म्हणून या दगडांवर बसून हसत फोटो काढण्याआधी क्षणभर थांबायला हवं.

पाण्याखालचं जग

तिसऱ्या दिवशी स्नॉर्कलिंग! डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि पायांत वल्ह्यांसारखे पंख. चेहरा पाण्यात ठेवून पालथं तरंगायचं आणि तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा. ट्रंक बे या किनाऱ्यावर तर पाण्याखालची एक पायवाटच आहे. तिच्या कडेला, समुद्राच्या तळाशी, माहितीच्या पाट्या लावलेल्या आहेत!

थंडीत उत्तर किनाऱ्यावर कधी कधी मोठ्या लाटा येतात. तशा दिवशी पाण्यात उतरायचं नाही, दुसरा शांत किनारा शोधायचा. आणि कितीही चांगलं पोहता येत असलं, तरी एकट्याने जायचं नाही.

खाली काय दिसतं? पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक कुरतडतो आणि त्याच्या विष्ठेतून बारीक वाळू बाहेर पडते. होय, किनाऱ्यावरची थोडी पांढरी वाळू अशी तयार झालेली असते! आणि जे रंगीत दगड वाटतात, ते असतात प्रवाळ. प्रवाळ म्हणजे लाखो इवल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि त्यांना अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं. प्रवाळ पांढरे पडतात आणि पुष्कळदा मरतात. २००५ मध्ये या भागात असंच झालं. त्यानंतर रोगही आला, आणि शास्त्रज्ञ ज्या जागांवर लक्ष ठेवून होते, तिथले निम्म्याहून जास्त जिवंत प्रवाळ गेले.

प्रवाळांना अपाय करणारी काही रसायनं असलेली सनस्क्रीन २०२० पासून इथे कायद्याने बंद आहेत. म्हणून काकूने पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणला आहे. कपड्याने अंग झाकलं, की क्रीम कमी लागतं.

अर्ध्या तासाने काकू दमते. तिच्या नळीत पाणी शिरतं. ती घाबरते आणि पाय खाली सोडू लागते. खाली, हाताच्या अंतरावर, प्रवाळ आहेत.

"उभी राहू नकोस! पाठीवर उताणी हो!" काका ओरडतात. काकू वळते, आकाशाकडे तोंड करते आणि नळी काढून मोकळा श्वास घेते. काका तिचा हात धरतात. दोन मिनिटं दोघं नुसते तरंगत राहतात. मग हळूहळू वाळूच्या दिशेने परततात.

काकू तिथे उभी राहिली असती, तर तिचा पाय कापला असता. प्रवाळाची जखम सहज चिघळते. आणि प्रवाळाचं काय झालं असतं? काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. वीतभर फांदी वाढायला वीस वर्षं लागली असतील, तर ती मोडायला एक पाऊल पुरतं.

किनाऱ्यावर आल्यावर काका डबा उघडतात. काकू दशमीचा तुकडा मोडते आणि म्हणते, "उद्या परत जाऊ. पण दमायच्या आधी परत फिरायचं हं!"

वाचा, आठवा, सांगा

१. मँचिनीलच्या झाडाखाली तंबू का लावू नये?
२. मुंगसं बेटावर कशासाठी आणली? तो बेत का फसला?
३. "पण त्या बांधल्या कोणी?" या काकूच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.
४. पाण्यात दमल्यावर काय करायचं, ते तुमच्या धाकट्या भावंडाला तीन वाक्यांत समजावून सांगा.
५. तुम्ही राहता तिथे जपून पाऊल टाकायला हवं अशी कोणती जागा आहे? घरच्यांशी मराठीत बोला आणि पाच ओळी लिहा.