औंधहून नथू-लापर्यंत

औंधला माणसे जातात ती यमाईच्या दर्शनाला. वाटेत श्रीभवानी संग्रहालय बघतात. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत हे पेशवाईच्या भाषेत सांगायचे तर भारताचे वकील म्हणून सिक्कीम, भूतान आणि तिबेटच्या उंबऱ्यावर सहा वर्षे बसले होते. हे मात्र साताऱ्यातही फारसे कोणाच्या लक्षात नसते. शेजारी देशांशी सलोखा कसा जोडतात, त्यात शिक्षणाचे काम काय, असे कोणी विचारले तर सातारा-सांगलीकरांना लांब जायला नको. आपल्याच घरचा दाखला आहे.

बहात्तर गावे, तीही विखुरलेली

औंध संस्थान म्हणजे ७२ गावांचा कारभार, पण मुलूख सलग नव्हता. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ विजापूरकडे. औंधहून आटपाडीला निघाले तरी मध्ये इंग्रजी हद्द ओलांडावी लागे. शेजाऱ्याशी वाकडे घेऊन असले संस्थान एक दिवस चालत नसते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचे माळरान मिळाले ते याच राजाकडून. पुढे इंग्रजी राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या माणसांनाही औंधच्या गावांत आसरा मिळाला. इंग्रज समोर असताना राजाने तिकडे काणाडोळा केला, हे धाडस लहान नव्हते.

राज्य देऊन टाकणारा राजा

१९३८ साली आपल्या वाढदिवशी बाळासाहेबांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा मनोदय जाहीर केला, आणि जानेवारी १९३९मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली. तिच्या मसुद्याला महात्मा गांधींचा सल्ला होता. तिचा पाया म्हणजे गावची पाच जणांची निवडलेली पंचायत. पंचायतींतून तालुका समित्या आणि त्यांच्यावर विधिमंडळ, अशी ती रचना होती. या सगळ्यात ऑक्सफर्डला शिकून आलेले तरुण आप्पासाहेब होते, आणि त्यांच्यासोबत मॉरिस फ्रिडमन नावाचा एक अवलिया. हा मूळचा वॉर्साचा पोलिश ज्यू अभियंता. बंगळुरात वीज-उपकरणांचा कारखाना सांभाळता सांभाळता त्याने संन्यास घेतला आणि भारतानंद झाला.

या दोघांनी जे केले त्यातले सर्वांत अजब काम आटपाडीजवळचे. १९३९च्या सुमारास तिथे स्वतंत्रपूर वसले. ही कैद्यांची उघडी वसाहत. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैद्याने शेत कसायचे आणि बायकामुलांसह राहायचे. ग. दि. माडगूळकर शेटफळ्याचे, म्हणजे याच मुलखातले. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) कथा त्यांनी लिहिली, तिच्या मुळाशी हे स्वतंत्रपूर आहे. पडद्यावरचा तुरुंगाधिकारी सगळ्यांना आठवतो. पण आधी विश्वास टाकायचा आणि मग माणूस त्याला जागतो का ते पाहायचे, हा औंधचा हिशेब होता. आप्पासाहेबांनी परदेशात नेली ती हीच शिदोरी, असे मला वाटते.

नैरोबीतली पहिली परीक्षा

१९४८ साली संस्थान विलीन झाले आणि नेहरूंनी आप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. समुद्राच्या पलीकडचा का होईना, तोही शेजारीच. केनियात तेव्हा गोऱ्यांच्या, आशियाईंच्या आणि आफ्रिकींच्या शाळा वेगवेगळ्या होत्या. भारत सरकार आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या देत होते. शिवाय तिथल्या भारतीयांनी गांधीजींच्या स्मारकासाठी निधी जमवला. तो सर्व वंशांच्या मुलांना खुल्या असलेल्या महाविद्यालयाला लागला. आजच्या नैरोबी विद्यापीठाच्या पायात तो पैसा आहे. जोमो केन्याटा यांच्यासारख्या पुढाऱ्यांशी आप्पासाहेबांचा घरोबा वसाहती सरकारला खुपत होता. अखेर इंग्रजांच्या तक्रारी वाढल्या आणि १९५४ साली त्यांना तिथून हलावे लागले.

गंगटोकची सहा वर्षे

१९५५ ते १९६१ या काळात ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर होते. हुद्दा इंग्रजांच्या काळचा, आणि त्याचा वासही तसाच. सिक्कीम १९५०च्या तहाने भारताचे संरक्षित राज्य होते, भूतानशी १९४९चा तह होता आणि तिबेटमध्ये चिनी फौजा येऊन बसल्या होत्या. लहान शेजारी मोठ्याच्या मदतीला आधी घाबरतो आणि मग ती घेतो. कारण मदतीमागून मालकी येते, हे त्याने पाहिलेले असते. ७२ गावांच्या संस्थानात वाढलेल्या माणसाला ही भीती पुस्तकातून शिकावी लागली नसणार.

१९५६ साली बुद्धजयंतीच्या सोहळ्यासाठी दलाई लामा नथू-ला खिंडीतून भारतात आले. त्याच दौऱ्यात, फेब्रुवारी १९५७मध्ये, त्यांच्या हस्ते गंगटोकला नामग्याल तिबेटविद्या संस्थेची पायाभरणी झाली, आणि १ ऑक्टोबर १९५८ रोजी नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. शांततेचे पाठ क्रमिक पुस्तकात छापून शांतता येते, यावर माझा विश्वास नाही. शेजाऱ्याच्या पोथ्या, त्याची भाषा आणि त्याचा धर्म अभ्यासण्याजोगा आहे असे मानून त्यासाठी इमारत उभी करणे ही गोष्ट वेगळी. ती त्याला न सांगता कळते.

या उद्घाटनाच्या आधी, सप्टेंबर १९५८मध्ये, नेहरू भूतानला गेले होते. भूतानमध्ये तेव्हा मोटाररस्ताच नव्हता. १४,००० फुटांवरची नथू-ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर मजल दरमजल करीत अडुसष्ट वर्षांचे पंतप्रधान पारोला पोचले. बरोबर इंदिरा गांधी आणि आप्पासाहेब होते. भूतानने स्वतंत्र राहून आपल्या वाटेने प्रगती करावी, असे नेहरूंनी तिथे जाहीर सांगितले. १९६१ साली भूतानची पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशावर सुरू झाली. रस्ते झाले, शाळा निघाल्या आणि भारतीय शिक्षक डोंगर चढून शिकवायला गेले.

जिथे हे सारे अपुरे पडले

पण सलोख्याला दोन हात लागतात. १९५९ साली ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामांना देश सोडावा लागला. तेव्हा फ्रिडमन तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी झटले. १९६२च्या युद्धाने नथू-ला बंद झाली, ती मर्यादित व्यापारासाठी उघडायला २००६ साल उजाडले. भूतानला दिलेला शब्द टिकला. सिक्कीमच्या वाट्याला दुसरेच आले, ते १९७५ साली भारताचे राज्य झाले. बहुसंख्य सिक्कीमी जनतेचा कौल त्याला होता, तरी १९५०च्या तहाची ती अखेर होती. दोन्ही गोष्टी एकाच दिल्लीने केल्या, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे आप्पासाहेबांनी इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटलीत वकिलाती सांभाळल्या. निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तके लिहिली. १९८९ साली, मृत्यूच्या तीन वर्षे आधी, ‘अ‍ॅन अनयूजवल राजा’ निघाले. हिमालय आणि अर्धे जग पाहून आलेला हा माणूस त्यात सांगत होता ते वडिलांविषयी, गांधीजींविषयी आणि औंधच्या पंचायतींविषयी.