वीस सेंटिमीटरची बेल एअर
१९५७ ची शेवरले बेल एअर जवळपास ५ मीटर लांब. १:२५ प्रमाणात ती २० सेंटिमीटरमध्ये मावते. रंगाचा थर मात्र आपोआप पातळ होत नाही. मॉडेलवर ०.१ मिलिमीटर रंग चढला, की तो खऱ्या गाडीवरच्या अडीच मिलिमीटर लेपासारखा दिसतो. दारांच्या फटी बुजतात, बारीक अक्षरं पुसट होतात. म्हणून रंग पातळ करून एअरब्रशने हलके हात द्यायचे. पृष्ठताणामुळे ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो, तेव्हा पहिला हात कडांना.

बॉडी पॉलिस्टायरीनची. लॅकरमधलं तीव्र द्रावक तिला खातं, बारीक चिरा पडतात. त्यामुळे आधी प्रायमर हवाच.

मेटॅलिक रंगात खरी कसोटी. गाड्यांच्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण इथे पंचवीसपट मोठे भासतात आणि चमक खडबडीत होते. कण बारीक असलेलाच रंग घ्यावा.

क्रोमसाठी चंदेरी रंग मला कधीच पटला नाही. अतिपातळ चिकट फॉइल लावावी, टूथपिकने प्रत्येक खाचेत दाबावी, नव्या ब्लेडने कडेकडेने कापावी. बेल एअरच्या मागच्या पंखांवर तर मूळ गाडीतही ॲल्युमिनियमचा खाचदार पत्राच होता.