मुलाला घरीच शिकवायचंय? शाळेचा दाखला काढण्याआधी हे वाचा

जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. वह्या, कव्हरं, शाळेने दिलेली यादी आणि घाईतले पालक. याच गर्दीत एखादं जोडपं असंही असतं, ज्यांच्या हातात शाळेची यादीच नाही. मूल घरी शिकणार हे ठरलंय. पुस्तकं कोणती घ्यायची, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. खरं तर तो शेवटचा असायला हवा. पहिला प्रश्न कागदांचा आहे.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 वयोगटासाठी आहे. कलम 10 नुसार मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. होमस्कूलिंगचा उल्लेख कायद्यात नाही. म्हणजे त्याला स्पष्ट परवानगी नाही, पण कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांसाठी शिक्षेची तरतूदही नाही. 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्राने म्हटलं होतं की, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. त्यामुळे 'परवानगी कुठल्या ऑफिसात मिळते?' याचं उत्तर, तशी खिडकीच नाही, असं आहे.

मात्र राज्याच्या सर्वेक्षणात महिनाभराहून जास्त काळ सलग गैरहजर असलेलं मूल 'शाळाबाह्य' धरलं जातं. त्यामुळे एखाद्या दिवशी सर्वेक्षणाचे शिक्षक दारात उभे राहू शकतात. त्यांच्याशी वाद घालू नका, ते त्यांचं काम करत असतात. मूल काय शिकतंय याची फाइल तयार असली की बोलणं सोपं जातं. तारखा टाकलेल्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी, केलेल्या प्रयोगांचे फोटो एवढं पुरतं.

दाखल्यावर काय तपासायचं?

शाळा सोडल्याचा दाखला हा महाराष्ट्रात नुसता शाळेचा कागद नसतो. त्यावर नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद असते. पुढे जातीचा दाखला आणि जात पडताळणीच्या वेळी हीच नोंद विचारली जाते. त्यामुळे दाखला हातात पडताच प्रत्येक अक्षर जन्मदाखल्याशी ताडून पाहा. चूक असेल तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्या, दहा वर्षांनी नव्हे. शेवटची उत्तीर्ण इयत्ता स्पष्ट लिहिलेली असावी. गुणपत्रकं जपून ठेवा.

मूल शाळेत कधीच गेलं नसेल तर हा दाखला मिळणारच नाही. मग जन्मदाखला आणि वडिलांकडचे जातीचे जुने पुरावे यांची जुळवाजुळव लवकर सुरू केलेली बरी.

आरटीईच्या 25 टक्के राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्यांनी तर दहादा विचार करावा. ही सोय प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेपुरती आहे. चौथीत सोडलेली जागा पाचवीत परत मिळत नाही.

परत यायचं झालं तर?

चौदाव्या वर्षापर्यंत परतीचा रस्ता कायद्यानेच मोकळा ठेवलाय. कलम 4 प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही. आपल्याला हवी तीच खासगी शाळा मिळेल याची खात्री मात्र कोणी देत नाही.

त्यानंतर दार उघडतं ते परीक्षेतून. पुण्यातल्या पालकांपुढे मुख्यतः तीन वाटा आहेत. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून देता येते. हाच तो सगळ्यांना माहीत असलेला '17 नंबरचा फॉर्म'. त्यासाठी किमान पाचवी उत्तीर्ण आणि वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, शिवाय शाळा सोडल्याचा दाखला. दुसरी वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची. इथे पाचवीसाठी 10, आठवीसाठी 13 आणि दहावीसाठी 15 वर्षं पूर्ण हवीत. लहानपणीच शाळा सोडलेल्यांना ही जास्त सोयीची, कारण पाचवीचं प्रमाणपत्रही इथेच मिळवता येतं. तिसरी, केंद्राची एनआयओएस. दहावीच्या पातळीला किमान वय 14, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि विषय एकेक करत पाच वर्षांत पूर्ण करायची मुभा. मराठी माध्यमही आहे. या संस्थेचं विभागीय केंद्र पुण्यात आहे.

एनआयओएसवाल्याला डॉक्टर होता येत नाही, असं अजूनही ऐकू येतं. मुक्त विद्यालयांतून बारावी झालेल्यांना नीट देता येते, हा प्रश्न 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटलाय.

होमस्कूलिंगचा विषय निघाला की मुंबईच्या मालविका राज जोशीचं उदाहरण येतंच. सातवीनंतर शाळा सोडली आणि 2016 मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत. त्या गोष्टीतला मधला भाग बहुतेक वेळा गळतो. बारावी नसल्याने आयआयटीचा दरवाजा तिला बंद होता. एमआयटीत ती पोहोचली ती आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमधल्या दोन रौप्य आणि एका कांस्यपदकाच्या जोरावर. तेवढी पदकं आपल्या घरात येतील असं गृहीत धरून बारावी टाळू नये.

आणि रोजचं शिकणं?

घरात फळा टांगून आठ तासिकांचं वेळापत्रक लावलं, तर महिन्याभरात दोघंही रडकुंडीला येतात. शाळेत चाळीस मुलांना लागणारा वेळ एका मुलाला लागत नाही. प्राथमिकच्या मुलाला दोन-अडीच तास नीट बसून केलेलं काम भरपूर होतं. गणित मात्र 'त्याला आवडेल तेव्हा' वर सोडू नका. अपूर्णांक कच्चे राहिले की बीजगणित अडतं, आणि ते कळेपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात.

पाठ्यपुस्तकांना खर्च नाही, बालभारतीच्या सगळ्या पुस्तकांच्या पीडीएफ संकेतस्थळावर मोफत आहेत. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांची खेळणी आणि पुस्तकंही तशीच मोफत. बाकी शहरच मोठी शाळा आहे. आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय, वेताळ टेकडी.

खर्च होतो तो माणसांच्या वेळेचा. बहुतेक घरांत नोकरी सुटते ती आईची. हे ठरवताना 'तुझं काय, घरीच असतेस' हे वाक्य येण्याआधी दोघांनी वही-पेन घेऊन आठवड्याचे तास वाटून घ्यावेत. आजी-आजोबांना गृहीत धरू नये, विचारावं. संध्याकाळी चार ते सात मुलाला मैदान आणि समवयस्क मिळतील, हेही त्याच कागदावर लिहावं. सोसायटीतली मुलं शाळेतून येईपर्यंत ते एकटंच असतं.

लिफ्टमध्ये 'कुठल्या शाळेत जातोस रे?' हा प्रश्न येणारच. उत्तर मुलाने स्वतः ठरवावं, आपण पढवू नये.

घरी शिकलेलं मूल बोलतं छान, पण सलग तीन तास हाताने लिहायची सवय त्याला नसते. दहावीच्या आधीच्या वर्षी महिन्यातून एकदा तरी घड्याळ लावून पूर्ण उत्तरपत्रिका लिहून घ्या, आणि शक्यतो दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.