काळ्या दगडाच्या मुलखात चुंबकत्वाचे पाठ

पुणे–सातारा महामार्गावर भोरकडे आणि नारायणपूर–सासवडकडे जाणारे रस्ते जेथे फुटतात, ते कापूरहोळ आणि त्याभोवतीचा भोर-वेल्ह्याचा मुलूख बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकावर वसलेला असून, त्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय खनिज अल्प प्रमाणात विखुरलेले असते. त्यामुळे इयत्ता सहावीच्या ‘चुंबकाची गंमत’ या पाठासाठी लागणारे पहिले साहित्य येथे ओढ्याच्या पात्रातच मिळू शकते.

ओढ्यातील वाळू उन्हात वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला चुंबक तिच्यावरून फिरवला, की काही काळे कण पिशवीला बिलगतात आणि चुंबक पिशवीतून बाहेर काढताच गळून पडतात. खडक झिजून मोकळे झालेले हे मॅग्नेटाइटचे कण मुलांना एकाच वेळी दोन गोष्टी दाखवतात: चुंबकाचे बल प्लास्टिकच्या आरपार पोहोचते आणि एकसारख्या भासणाऱ्या वाळूत निरनिराळे पदार्थ मिसळलेले असतात. हेच कण पुठ्ठ्यावर पसरून खाली पट्टीचुंबक धरला व पुठ्ठ्यावर हलकेच टिचकी मारली, तर ते वक्र रांगांमध्ये लागतात. चुंबकाभोवतालच्या ज्या प्रदेशात त्याचे बल जाणवते त्यास चुंबकीय क्षेत्र म्हणतात आणि या रांगांवरून ज्यांची कल्पना येते त्या रेषांना चुंबकीय बलरेषा म्हणतात.

सर्व धातू चुंबकाला चिकटतात हा मुलांचा सार्वत्रिक समज असतो. तो खोडून काढण्यापेक्षा तांब्याची तार, पितळी वाटी, ॲल्युमिनियमची डबी, खिळा आणि स्टीलचे चमचे समोर ठेवून मुलांकडून आधी अंदाज लिहून घेणे व नंतर पडताळा पाहणे अधिक फलदायी ठरते. स्टीलचे काही चमचे चिकटतात तर काही चिकटत नाहीत, याचे कारण त्या मिश्रधातूच्या घटकांत व अंतर्गत रचनेत असते. मात्र एखादी वस्तू आकर्षिली गेली म्हणून ती चुंबक ठरत नाही. दोन सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, हे प्रतिकर्षणच चुंबकाची खरी कसोटी होय.

शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासून, वाळलेल्या पानावर ठेवून प्लास्टिकच्या भांड्यातील पाण्यावर तरंगवली, तर ती उत्तर-दक्षिण स्थिरावते, कारण पृथ्वीलाही चुंबकीय क्षेत्र आहे. विद्युतप्रवाहाने चुंबकसूची विचलित होते हे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील तांब्याची तार खिळ्याभोवती गुंडाळून, तिच्या टोकांवरील लेप खरवडून ती विजेरीच्या सेलला जोडली, की तेच तत्त्व वर्गात विद्युतचुंबकाच्या रूपाने पाहता येते. तार लवकर तापत असल्यामुळे जोडणी काही क्षणांपुरतीच ठेवावी आणि घरातील विजेच्या प्लगशी हा प्रयोग कदापि करू नये.

या प्रयोगांचा धागा थेट सह्याद्रीच्या इतिहासाशी जुळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथील बेसाल्ट घडवणारा लाव्हा थंड होताना त्यातील खनिजांत तत्कालीन पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा कोरली गेली. त्या लाव्ह्याच्या बऱ्याच थरांतील दिशा आजच्या साधारणपणे उलट आढळते, आणि भारतभूमी त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती हेही या नोंदींवरून उलगडले. पृथ्वीच्या या क्षेत्राचे मापन मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून होत होते. परंतु शहरात विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरताच त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडण्याची शक्यता निर्माण झाल्यामुळे १९०४ मध्ये अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. मोजमापात किती काटेकोरपणा लागतो, हे त्यावरून मुलांना समजावता येते.

या प्रयोगांसाठी महाग संच लागत नाहीत. जुन्या स्पीकरमधील चुंबकही पुरतो, मात्र गिळले जाऊ शकतील असे लहान शक्तिशाली चुंबक वर्गात आणू नयेत. शिक्षकांनी व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी अंदाज, कृती आणि नोंद हा क्रम पाळावा, म्हणजे व्याख्या पाठ करून घेण्याची गरजच फारशी उरणार नाही.