घरचे वेल्डिंग यंत्र आणि श्रावकाची यतना

शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीचा पूल लागतो, तेच सापगाव. शहापूरच्या बाजारात आमचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि मालाचे गोदाम सापगावला. पत्रे, खिळे, बिजागऱ्या यांच्या जोडीने गेली काही वर्षे आम्ही वेल्डिंगची यंत्रे आणि रॉडही विकतो. जी वस्तू विकतो ती आपण कधी चालवून पाहिलेली नाही, ही गोष्ट मला पन्नाशीपर्यंत खटकली नव्हती. ती खटकली एका गिऱ्हाइकामुळे.

काही वर्षांपूर्वी किन्हवलीकडच्या एका पाड्यावरील तरुण दुकानात आला. त्याला घरीच वेल्डिंग शिकून खिडक्या-दरवाजांची लहानमोठी कामे करावयाची होती. "शेठ, पहिलंच यंत्र आहे, कोणतं घेऊ?" असे त्याने विचारले. मी त्याला तांब्याच्या वेटोळ्यांचे, जुन्या पद्धतीचे, दोघांनी उचलावे लागेल असे यंत्र दाखवले आणि "मोठे घे, जन्मभर पुरेल," असे ठामपणे सांगितले. त्या यंत्रावर आमचा नफाही अधिक होता. पंधरवड्याने तो यंत्र घेऊन परत आला. घरी ते सुरू केले की दिवे मंद होत आणि रॉड लोखंडाला चिकटून बसे. दुकानात तपासले तर यंत्र उत्तम चालले; म्हणून मी ते परत घेतले नाही. पुढे त्याने ते निम्म्या किमतीस विकल्याचे कानावर आले.

मापात खोट नव्हती, मालात भेसळ नव्हती. तरीही अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांची आलोचना करताना तो तरुण माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागला.

आईंची शंका

पुढे धाकट्या चिरंजीवाने वेल्डिंग शिकण्याची इच्छा व्यक्त केली. "बाबा, आपण विकतो ते आपल्याला कळायला नको का?" हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. अडचण आली ती आमच्या आईंकडून. सामायिक आटोपून त्या म्हणाल्या, "हे अंगारकर्म आहे. पंधरा कर्मादानांतले पहिलेच. आपल्या घरात ते नको."

शंका रास्त होती. सातव्या व्रताच्या विवेचनात श्रावकाने टाळावयाचे जे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत अग्नीवर चालणारी कामे आरंभीच येतात. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात तर लोहारकामाचा त्यात स्पष्ट समावेश आहे. दुसरीकडे, भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकवली, हीही आपलीच परंपरा.

त्या वर्षी चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे आम्ही हा प्रश्न ठेवला. आरंभ-समारंभाच्या कामाला साधू-साध्वी अनुमोदन देत नाहीत. त्यांनीही दिले नाही. त्यांनी उपासकदशांग सूत्रातील सद्दालपुत्राची कथा तेवढी सांगितली. पोलासपूरचा हा कुंभार पाचशे दुकानांचा धनी होता. मडकी भाजण्याचा अग्नी त्याच्या व्यवसायाचा गाभा. आणि तोच पुढे भगवान महावीरांचा उपासक झाला. "मर्यादा श्रावकाने स्वतः ठरवायची असते," एवढेच त्या म्हणाल्या.

घरी परतल्यावर आईंनीच मर्यादा घातल्या. वेल्डिंग हा घराचा धंदा होणार नाही. ज्ञानापुरते आणि घरच्या दुरुस्तीपुरतेच ते राहील. सूर्यास्तानंतर यंत्र सुरू होणार नाही. चातुर्मासात ते बंद राहील. अंगावर चामडे चढणार नाही. आणि विनाकारण ठिणगी उडवायची नाही, कारण तो अनर्थदंड. कार्तिकी पौर्णिमेनंतर गोदामाच्या अंगणात शिकण्यास आरंभ झाला. चिरंजीवाने एका अनुभवी कारागिराकडून धडे घेतले आणि त्याच्या मागे बसून मीही शिकलो.

यंत्र निवडताना

पहिला धडा माझी चूक उघडी करणारा होता. यंत्र घेण्यापूर्वी घरची वीज मोजावी. संध्याकाळी, सगळ्या घरांत दिवे-पंखे सुरू असताना, मीटर लावून दाब पाहावा. एक फेजवर २३० व्होल्ट अपेक्षित असतात. रोहित्रापासून दूरच्या पाड्यावर तो दाब बराच खाली येतो.

हिशेब सोपा आहे. १०० अँपिअरवर काम करताना आर्कचा दाब सुमारे २४ व्होल्ट असतो, म्हणजे २,४०० वॅट. यंत्रातील घट धरली की विजेच्या तारेतून सुमारे ३,००० वॅट ओढले जातात. म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. दाब १७० वर आला तर तेवढ्याच कामाला १७ अँपिअरहून अधिक लागतात, तारा तापतात आणि दाब आणखी घसरतो. जुन्या पद्धतीचे यंत्र तर याहूनही अधिक प्रवाह ओढते. त्या तरुणाच्या घरी नेमके हेच घडले होते.

म्हणून घरी शिकणाऱ्याने पहिले यंत्र इन्व्हर्टर पद्धतीचे, एक फेजवर चालणारे घ्यावे. ते एका हाताने उचलता येते आणि कमी वीज ओढते. पाटीवर २०० अँपिअर लिहिलेले असले तरी शिकण्यासाठी ७० ते १२० अँपिअरच लागतात. मोठ्या आकड्यास भुलू नये. त्याऐवजी ‘ड्यूटी सायकल’ पाहावी. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हा टक्का किती अँपिअरवर सांगितला आहे, तेही विचारावे. किती कमी दाबावर यंत्र चालते, हे माहितीपत्रकात वाचावे. यंत्रासाठी स्वतंत्र जोडणी, योग्य क्षमतेचा एमसीबी आणि चोख अर्थिंग यांना पर्याय नाही.

तार आणि गॅसवर चालणारे मिग यंत्र पातळ पत्र्यासाठी चांगले. परंतु उघड्या अंगणातील वारा त्याचा गॅस उडवून लावतो. आरंभ रॉडच्या यंत्रानेच करावा.

पहिला महिना

रॉड ६०१३ जातीचा घ्यावा. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर, ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर पुरतात. सरावासाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीची पट्टी असावी. पातळ पाइपला नवख्या हाताने भोकेच पडतात.

काडेपेटीची काडी ओढावी तसा रॉड ओढून आर्क पेटवावा. नंतर रॉडचे टोक आणि लोखंड यांत रॉडच्या जाडीइतकेच अंतर राखावे. अंतर वाढले की ठिणग्या उडतात आणि सांधा कच्चा राहतो. कमी झाले की रॉड चिकटतो. नीट चाललेल्या कामाचा आवाज कढईत पापड तळल्यासारखा एकसारखा येतो. पहिला आठवडा केवळ सरळ रेषा, मग एकावर एक पट्टी, मग काटकोन. सांधा पक्का झाला की नाही हे वरून दिसत नाही. तो शेगड्यात धरून हातोड्याने वाकवावा आणि तुटला तर आत पाहावे. आमच्या पहिल्या दहा सांध्यांपैकी एकही टिकला नाही.

घरी शिकलेल्याने मांडणी, स्टूल, कुंड्यांचा स्टँड करावा. झोपाळा, गच्चीचा कठडा, जिना, ट्रॉली यांना हात लावू नये. तेथे कच्चा सांधा जीव घेतो. ज्याला हा पोटापाण्याचा धंदा करावयाचा आहे त्याने शासकीय आयटीआयमधील वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा. त्यास आठवी उत्तीर्ण ही पात्रता पुरते.

सुरक्षा हीच यतना

आर्कचा प्रकाश डोळ्यांस जाळतो आणि वेदना काही तासांनी, बहुधा रात्री, सुरू होतात. वाळू गेल्यासारखे डोळे खुपतात. १० किंवा ११ क्रमांकाच्या काचेचा मुखवटा हवाच. काळा गॉगल चालत नाही. पाहणाऱ्या मुलांनाही दूर ठेवावे. कपडे जाड सुती असावेत. टेरिलिन वितळून कातडीला चिकटते. चामड्याऐवजी अरामिड धाग्याचे, उष्णतारोधक अस्तराचे हातमोजे मिळतात. ते कोरडे असावेत, ओले मोजे विजेचा धक्का देतात. बूट चामड्याचे नकोत, तर ठिणगी आत शिरणार नाही असे ज्वालारोधक आवरण त्यावर घालावे.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने थंडी-ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, धूर तोंडावर येणार नाही असे बसून करावे. तेलाच्या किंवा पेट्रोलच्या रिकाम्या पिंपाला कधीही वेल्डिंग करू नये. आतील वाफेचा स्फोट होतो.

आईंच्या मर्यादांचे नवल मला येथे वाटले. रात्री आर्कच्या उजेडावर कीटक झेपावतात. म्हणून दिवसा काम. चातुर्मासात जमीन जीवांनी भरलेली असते, आणि त्याच दिवसांत दमट हवेने रॉड ओलावतात, ओल्या अंगणात विजेचा धोका वाढतो. काम सुरू करण्यापूर्वी जागा मऊ केरसुणीने झाडली की मुंग्यांची रांगही वाचते आणि पेंढ्याची काडीही राहत नाही. तापलेला सांधा पाण्यात न बुडवता हवेत निवू दिला की अप्काय जीवांची विराधना टळते आणि लोखंडही ठिसूळ होत नाही. काम संपल्यावर अर्धा तास जागेवरच थांबून ठिणगी कोठे धुमसत नाही ना, हे पाहण्याची सवय आम्हांला त्यांनीच लावली.

पुढच्या संवत्सरीला आप्तेष्टांस ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून झाल्यावर मी चिरंजीवासह त्या पाड्यावर गेलो. भातसा दुथडी भरून वाहत होती. तरुणास त्याचे झालेले नुकसान मोजून दिले आणि क्षमा मागितली. तो संकोचला. "शेठ, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?" असे म्हणाला.

माझा दोष त्याने नेमका सांगितला होता. आता दुकानात पहिले यंत्र घेण्यास कोणी आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो: काय जोडणार, घरी दाब किती, आणि शिकवणार कोण? उत्तरे नसतील तर यंत्र त्या दिवशी विकत नाही. दाब मोजण्याचे मीटर गिऱ्हाइकाला घरी नेऊ देतो, विनाभाडे.